आमच्याकडे सगळे जरा तसेच

आमच्या घराण्यात वेडं असं कधी कुणी नव्हतं. होते ते सगळे 'जरा तसेच' होते. एक चुलत आजोबा जरा तसेच, म्हणजे ताटात कोशिंबिरीला वरण लागलं की पानावरून उठून जायचे. आत्या जरा तशीच. न कळवता कुणी गेलं तर आत असूनही दार उघडायची नाही, आणि संध्याकाळी फोन करून सांगायची, 'दुपारी तुम्हीच आला होतात ना? मी घरातच होते.' एक काका हुशार, पण जरा तसाच. त्याने इंजिनीअरिंग सुरू केलं, मग कॉमर्स, मग मोडी लिपीचे वर्ग, मग मधमाश्या. मधमाश्याही गेल्या. यांतल्या बहुतेकांची लग्नं झाली, मुलं झाली, नातवंडं झाली, घराणं सुखाने चाललं होतं. मग एका नातीच्या शाळेने 'एकदा असेसमेंट करून घ्या' असं सुचवलं आणि ते सगळ्यांच्याच मुळावर आलं.

मधुमेह आजोबांकडून बाबांकडे, बाबांकडून आपल्याकडे असा शिस्तीत खाली येतो. ऑटिझम-एडीएचडीचं निदान मात्र नातवंडापासून सुरू होऊन वर चढतं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता साधारण 70 ते 80 टक्के निघते, म्हणजे जवळजवळ उंचीइतकी. ऑटिझमही त्याच वळणावरचा. त्यामुळे होतं काय, की मुलाचा फॉर्म भरता भरता आईबाप एका प्रश्नावर थबकतात, एकमेकांकडे बघतात, आणि मग दोघंही हळूच आतल्या खोलीकडे बघतात, जिथे आजोबा वहीत काहीतरी लिहीत बसलेले असतात.

आमचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, धरणांचं पाणी लिहितात. ते बँकेतून निवृत्त झाले. पाटबंधारे खात्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून 29.15 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं आज किती आहे, कालच्यापेक्षा किती वाढलं, गेल्या साली याच तारखेला किती होतं, हे सगळं दोनशेपानी वह्यांत, लाल आणि निळ्या शाईत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते, म्हणून घरात या प्रकाराला 'पुराचा धसका' असं म्हणतात. पण त्यांचे थोरले भाऊ त्याच वाड्यात, त्याच पुरात होते, आणि आज खडकवासल्यात पाणी आहे की ताक याचं त्यांना सोयरसुतक नाही. पाहुणा आला की सासरे तब्येत विचारत नाहीत. 'मुठेत विसर्ग किती चाललाय, कल्पना आहे?' असं विचारतात. पाहुणा 'नाही' म्हणाला की त्यांचा चेहरा उजळतो.

तर असेसमेंट. पुण्यात मुलाची चाचणी करायची ती फक्त तो किती हुशार आहे हे बघायला, अशी जुनी रीत आहे. 1962 साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी काढली ती बुद्धिमान मुलांसाठी, आणि तेव्हापासून पेठांतल्या आणि पुढे कोथरूडातल्या प्रत्येक आईला आपलं मूल तिथल्या चाचणीसाठीच जन्माला आलंय असं वाटत आलेलं आहे. त्यामुळे लेकीची असेसमेंट झाली म्हटल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आधी पेढेच मागितले.

'काय मग, काय निघालं?'

'स्पेक्ट्रमवर आहे, काकू.'

'अरे वा! बाणेरला ना ते? माझा भाचाही तिकडेच आहे.'

मी 'हो' म्हणाले. दोन जिने उतरून आलेल्या बाईला उभ्या उभ्या ऑटिझम समजावण्यापेक्षा तिला बाणेरला पोचवणं सोपं होतं. पुढे लेकीला दर आठवड्याला ऑक्युपेशनल थेरपीला न्यायला लागले, जिला या वर्तुळात सगळे नुसतं 'ओटी' म्हणतात. 'आज हिची ओटी आहे' हे ऐकून एका मावशीने ऑपरेशन कसलं म्हणून विचारलं. दुसरीने मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन सांगितलं, 'अगं, लग्नाआधी मुलीची ओटी भरत नाहीत!' ओटीत प्रत्यक्षात झोके असतात, मोठाले चेंडू असतात, उड्या असतात, आणि तासाचे जे पैसे असतात त्यात सासूबाईंच्या लहानपणी अख्खा झोपाळा आला असता. 'हाताला जोर लागेल अशी कामं द्या' असा घरचा अभ्यास मिळाला. कागदावर पहिलंच काम होतं: कणीक मळणे. सासूबाईंनी तो कागद देवघरापाशी लावला आहे.

पण खरी गंमत त्याआधी, पहिल्याच भेटीत झाली. मानसतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, 'जन्मापासूनची माहिती थोडक्यात लिहून आणा.' माझा नवरा हिंजवडीत डेटाबेस सांभाळतो. त्याने आणलं ते स्पायरल बाइंडिंग केलेलं होतं. अनुक्रमणिका होती, दोन परिशिष्टं होती. पहिला शब्द कधी बोलली त्याची तारीख, वेळ आणि त्या दिवशीचा पाऊस. पाऊस आजोबांच्या वहीतून घेतला होता, तसं तळटिपेत नमूद होतं. बाईंनी पानं उलटली. बराच वेळ उलटली. मग चष्मा काढून लेकीकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं.

'हे तुम्ही लिहिलंत?'

'हो. घाईत झालंय जरा.'

बाईंनी तेव्हा काही म्हटलं नाही, पण नंतर वाचताना मला कळलं की हे सगळं आधी एकदा झालेलं आहे. ऑटिझमचं निदान झालेला पहिला माणूस म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला डोनल्ड ट्रिपलेट. 1938 साली आईबापांनी त्याला बाल्टिमोरला डॉक्टर लिओ कॅनर यांच्याकडे नेलं. त्याआधी त्याच्या वकील वडिलांनी मुलाची माहिती म्हणून एक पत्र टाइप करून घेतलं होतं. तेहतीस पानी. कॅनरने 1943 साली आपला प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला तेव्हा मुलाबद्दल तर लिहिलंच, पण त्या पत्रातल्या तपशिलांच्या अतिरेकाचीही नोंद करून ठेवली. बिचाऱ्या वकीलसाहेबांना वाटत होतं की आपण मुलाची केस मांडतोय. (डोनल्डचं पुढे छान झालं. बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर हिंडला, आणि 2023 साली 89 वर्षांचा होऊन गेला. आमच्या सासऱ्यांना हे सांगितलं तर त्यांनी फक्त 'बँकेत?' एवढंच विचारलं आणि समाधानाने मान हलवली.)

कॅनरच्या काळापासून पुढची काही दशकं अमेरिकेत या सगळ्याचं खापर आईवर फुटत होतं. आई थंड, फ्रिजसारखी, म्हणून मूल असं. 1967 साली ब्रूनो बेटलहाइमच्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी नेली. नंतर विज्ञानाने ती साफ मोडीत काढली. पण कोथरूडच्या डी.पी. रस्त्यापर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. इथे कारणं वेगळी आहेत एवढंच: तू नोकरी केलीस म्हणून, इंग्रजी माध्यमात घातलंस म्हणून, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाहीस म्हणून, आणि हातात मोबाइल दिलास म्हणून. हे शेवटचं कारण व्हॉट्सॲपवर कळवण्यात येतं.

लेकीचं झालं तोवर धाकट्याच्या शाळेतून निरोप यायला लागले होते. चिरंजीव बाकावर बसत नाहीत. बाकाच्या खाली बसतात, बाकाच्या पाठीवर बसतात, शेजारच्याच्या बाकावर बसतात. गणिताच्या तासाला त्याने विचारलेला प्रश्न 'मुंगीला गुडघे असतात का' हा होता. त्याला एडीएचडी आहे हे सांगितल्यावर मात्र कुणी बाणेरला गेलं नाही. सगळ्यांनी एकच म्हटलं, 'म्हणजे तारे जमीं पर!' तो सिनेमा 2007 सालचा आणि डिस्लेक्सियावरचा. त्याने महाराष्ट्रातल्या हजारो मुलांना छडीपासून वाचवलं असेल, त्याबद्दल मी आमिर खानची आणि अमोल गुप्तेंची ऋणी आहे. पण त्याने एक अपेक्षाही निर्माण करून ठेवली. ऐकणारा एक क्षण थांबतो आणि आशेने विचारतो, 'मग चित्रं कशी काढतो?' अत्यंत वाईट काढतो. हत्ती आणि रिक्षा यांतला फरक खाली नाव लिहिल्यावरच कळतो. लोकांचा विरस होतो. डोकं वेगळं असेल तर त्या बदल्यात काहीतरी कला हवी, नुसतं वेगळं असणं हा पुणेकरांना फसवणुकीचा प्रकार वाटतो.

आणि त्याचा फॉर्म भरता भरता माझा नंबर लागला.

मोठ्यांच्या एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रश्नावली आहे, अठरा प्रश्नांची. पैकी पहिल्या सहांतच बरंचसं कळतं. बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक माहीत होतं. मी सहा सोडवले आणि चहा टाकायला उठले. चहा टाकताना गवती चहाची कुंडी सुकलेली दिसली, पाणी घालायला बाल्कनीत गेले, तिथे वाळत घातलेले कपडे काढले, कपाटात ठेवताना गेल्या दिवाळीचा अर्धा विणलेला स्वेटर सापडला आणि तो घेऊन बसले. चहाचं भांडं जळल्याचा वास आला तेव्हा उरलेले बारा प्रश्न न सोडवताच सुटले होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असल्याचा पुरावा लागतो; 2013 सालापासून निदानाच्या पुस्तकात तसा निकष आहे. माझ्या आईने माझी प्रगतिपुस्तकं जपून ठेवली होती. कुठे ठेवली होती ते तिला आठवेना, पण जपून ठेवली होती. शेवटी ती गौरीच्या मुखवट्यांच्या डब्यात निघाली. 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' 'वह्या अपूर्ण.' 'फार बोलते.' 'लक्ष दिल्यास पहिली येईल.' एका बाईंनी शेऱ्याच्या जागी फक्त 'डबा वर्गात राहिला आहे' असं लिहिलं होतं. इयत्ता पहिलीपासून सातवीपर्यंत माझ्या शिक्षिकांनी माझं निदान अचूक केलेलं होतं, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं. आणि मुलगी उड्या मारत नसेल, खिडकीबाहेर बघत गप्प बसली असेल, तर तिला तपासायचं कुणाला सुचतही नव्हतं. मी उड्या तोंडाने मारायचे.

मग डॉक्टरांनी आईलाही बोलावलं. आई खुर्चीच्या टोकाशी बसली. तिच्या पदराला तीन गाठी होत्या.

'लहानपणी वस्तू हरवायच्या का हिच्याकडून?'

'सगळीच मुलं हरवतात हो. कंपास हरवायची, छत्री हरवायची. एकदा मंडईत धाकटा भाऊ हरवला, पण त्यात हिची एकटीची चूक नाही, मीही होते बरोबर.'

'हातातलं काम अर्धवट सोडून दुसरं...'

'ते तर सगळेच करतात. अगदी नॉर्मल होती ही. डिट्टो माझ्यासारखी.'

डॉक्टरांनी गाठींबद्दल विचारलं. आई म्हणाली, एक सिलिंडरची, एक मावशीला फोन करायची, आणि तिसरी कशाची ते आठवत नाही, म्हणून सोडत नाही. डॉक्टरबाई बराच वेळ लिहीत होत्या.

निदान झालं की बरं वाटतं असं सगळे सांगतात, आणि वाटतंही. पण आधी राग येतो. आळशी, बेजबाबदार, धांदरट, 'मनावर घेतलंस तर काय नाही करणार तू', ही सगळी जमा झालेली बक्षिसं परत कुणाला करायची? मला तर तो मधमाश्यांवाला काका आठवला. तो गेला तेव्हा त्याची खोली आवरायला मी होते. अर्धवट सोडलेली प्रत्येक गोष्ट त्याने वेगवेगळी, दोऱ्याने बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवली होती. परत सुरू करायच्या तयारीत. घरात मात्र तो शेवटपर्यंत 'फुकट गेला' होता. त्याला कुणी फॉर्म दिला नाही. दिला असता तर त्याने अर्धाच भरला असता, पण निदान अर्धा.

नातेवाइकांत याची दोन प्रकारे चर्चा झाली. जाहीर चर्चेत ठरलं की ही नवी फॅडं आहेत, थोडंथोडं सगळ्यांनाच असतं, आणि आम्हीही लहानपणी असेच होतो, आम्हाला काय झालं? हे म्हणणाऱ्या मामांनी चार नोकऱ्या सोडल्या आहेत आणि पंख्याचा वेग किती असावा या मुद्द्यावरून ते सख्ख्या भावाशी बोलत नाहीत. खाजगी चर्चा रात्री साडेदहानंतर फोनवर झाली. 'त्या डॉक्टरांचा नंबर दे गं. शेजारणीला हवाय.' महिन्याभरात आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या सगळ्या शेजारणींना तो नंबर हवा होता.

एक मात्र मी ठामपणे सांगेन. पुणे उद्धट आहे असं बाहेरचे लोक म्हणतात, त्यांनी हे शहर आमच्या लेकीच्या डोळ्यांनी बघावं. ऑटिस्टिक माणसाचं अर्धं आयुष्य समोरच्याला नक्की काय म्हणायचंय हे ओळखण्यात जातं. पुण्यात ते भिंतीवर लिहिलेलं असतं. काय करू नये, का करू नये, केल्यास काय होईल, आणि त्याबद्दल नंतर वाद घालता येणार नाही. याहून सोयीचं शहर कुठलं? लेक पाट्यांचे फोटो जमवते. तिच्याकडे त्यांचं पेठवार वर्गीकरण आहे: सदाशिव पेठेत कारण दिलेलं असतं, शुक्रवारात नुसती आज्ञा असते, असं तिचं निरीक्षण. तिच्या स्वतःच्या खोलीच्या दारावरही एक आहे: 'दार वाजवावे. उत्तराची वाट पाहावी. "काय करतेस?" असे विचारू नये, दिसतेच आहे.' सासऱ्यांनी ती वाचली, मनापासून दाद दिली आणि अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेट करून आणली.

दुकानांची एक ते चार ही विश्रांतीसुद्धा तशीच. नवऱ्याला ती फार प्रिय होती, कारण ती रोज तेव्हाच व्हायची. 2017 साली चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा अख्खं शहर खूश झालं. आमच्या घरात एक माणूस दोन दिवस अस्वस्थ होता. 'नियम होता ना पण,' एवढंच म्हणत होता. मी त्या बाजूची नाही. मला बाकरवडीची आठवण कायम एक वाजून पाच मिनिटांनीच यायची, त्यामुळे माझ्या लेखी तो स्वातंत्र्यदिन होता. एकाच घरात दोन जातींची डोकी असली की असं होतं: एकाला वेळापत्रक हवं, दुसऱ्याला वेळापत्रकाचा कागद सापडत नाही.

पण पुणे भिंतीवर जितकं सरळ, तितकं तोंडाने वाकडं. 'या ना एकदा निवांत' याचा अर्थ येऊ नका असा असतो, हे लेकीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने तिथेच विचारलं, 'कधी? किती वाजता?' त्या गृहस्थांनी गडबडून 'रविवारी... पाच?' म्हटलं. रविवारी पाचला आम्ही बेल वाजवली. 'चहा घेऊनच आला असाल?' लेक म्हणाली, 'नाही. पण मी चहा घेत नाही. बाबा घेतात, साखर एक चमचा.' त्या घरात आमचा इतका चोख पाहुणचार त्याआधी कधीच झाला नव्हता. लग्नकार्यात तर ती मला संरक्षणासाठीच हवी असते. ठेवणीतला शालू नेसलेली बाई समोर येऊन 'ओळखलंस का मला?' म्हणते तेव्हा आम्ही बाकीचे घाम पुसत हसतो. लेक 'नाही' म्हणते. बाई स्वतःचं नाव सांगते. काम संपलं.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारदरबारीही आमची वरात गेली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी नाही. यादी करताना कुणाचं तरी लक्ष उडालं असावं. ऑटिझम मोजायला 'इसा' नावाची भारतीय मापनपट्टी आहे. तिच्यात चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि सत्तरच्या खाली असाल तर तुम्ही त्यात नाही. ही बहुधा एकमेव परीक्षा, जिच्यात पुणेरी आईबापांना कळत नाही की गुण जास्त पडावेत म्हणून नवस बोलायचा की कमी पडावेत म्हणून. माझ्या शेजारी बसलेल्या एक बाई मुलाचे गुण ऐकून सवयीने म्हणाल्या, 'हायेस्ट किती आहे?'

हसू आलं तरी त्या कागदाला मोल आहे. महाराष्ट्राने 1996 साली अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या. देशात हे आधी करणारं राज्य आपलं, आणि ते बोर्डही इथलंच, शिवाजीनगरचं. दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. 'अन्याय आहे हा इतरांवर,' असं एका मुलाच्या वडिलांनी मला फाटकाशी सांगितलं. त्यांच्या मुलाला चार क्लास होते. लेकीला शाळेच्या परीक्षेत पहिल्यांदा हा जादा वेळ मिळाला तेव्हा तिचा पेपर आधीच लिहून झाला होता. उरलेल्या वेळात तिने प्रश्नपत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवून दिल्या आणि पुरवणीसोबत जोडल्या.

औषधाची तऱ्हा वेगळीच. एडीएचडीचं एक जुनं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझॉन यांनी ते 1944 साली तयार केलं. त्यांची बायको मार्गरीट, लाडाने रिटा, टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची आणि तिचा खेळ सुधारायचा. म्हणून औषधाचं नाव रिटालिन. आपल्याकडे ते 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे गांजा-अफूवाल्या कायद्याच्या यादीत बसतं. त्यामुळे ते कुठेही मिळत नाही, ताजी चिठ्ठी लागते, ती वेळेत लागते, आणि मूळ प्रत लागते. जो माणूस चिठ्ठी वेळेत घेऊन, न हरवता, दुकान उघडं असताना पोचेल, त्याला त्या गोळीची गरजच नाही हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. एका दुकानातल्या काकांनी चिठ्ठी उजेडात धरून बघितली, मग मला बघितलं.

'कुणासाठी?'

'माझ्यासाठी.'

'या वयात कसला अभ्यास आहे?'

आता गणपती. आमच्या घराची खरी फाळणी तेव्हा होते. जुलैपासून नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की लेक कानांवर जाड हेडफोन चढवते आणि चिरंजीव जेवणाच्या टेबलावर ताशा सुरू करतात. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल. विसर्जनाच्या दिवशी सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत आवाज मोजतात, तो शंभराच्या आसपास फिरत असतो. लेकीला तो आवाज कानात जात नाही, अंगावर येतो. तिच्या भावाचं डोकं मात्र त्याच आवाजात आयुष्यात पहिल्यांदा शांत होतं. पन्नास ढोल एकदम वाजत असताना हा मुलगा एका जागी, दोन पायांवर, अर्धा तास उभा राहतो. त्याच्या वर्गशिक्षिकेला मी व्हिडिओ पाठवला होता.

म्हणून अनंत चतुर्दशीला मी आणि चिरंजीव रस्त्यावर, बाकीचे घरी. घरी टीव्ही आवाज बंद करून लावलेला असतो. मिरवणूक लेकीला आवडते. पाच मानाच्या गणपतींचा क्रम ठरलेला आहे, तो कुणाच्या बापाला बदलता येत नाही, हे तिला अतिशय पसंत आहे. कसबा गणपती अलका चौकात किती वाजता आला, तांबडी जोगेश्वरी किती वाजता, हे ती लिहिते. शेजारी सासरे खडकवासल्यातून नदीत किती पाणी सोडलंय ते लिहितात. वही एकच, मधे उभी रेघ. दोघं तासन्‌तास एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, आणि रात्री सासरे सासूबाईंना सांगतात, 'आज नातीशी खूप गप्पा झाल्या.' नवरा दर दीड तासाने चहा करतो. त्याला गजर लावावा लागत नाही.

गेल्या खेपेला गुरुजी तालमीचा गणपती पुढे सरकला तेव्हा चिरंजीवांना भूक लागली आणि माझ्या लक्षात आलं की ॲक्टिव्हा कुठे लावली ते मला माहीत नाही. नारायण पेठेतला कुठलातरी बोळ, एवढं नक्की. बोळात एक वाडा होता. नारायण पेठेतल्या प्रत्येक बोळात एक वाडा असतो. अर्धा तास हिंडल्यावर मी घरी फोन केला.

'गाडी लावल्यावर फोटो काढ असं मी सांगितलं होतं,' लेक म्हणाली.

'काढलाय. पण त्यात नुसती गाडीच दिसतेय.'

'पाठव.'

पाठवला. दोन मिनिटं शांतता. मग तिकडून सासऱ्यांचा आवाज, बहुतेक फोटो मोठा करून बघत असावेत.

'आई, मागे अर्धी पाटी दिसतेय. "...वल्यास जबाबदार नाही." "ज"ला असा शेपटीवाला फाटा एकाच पाटीला आहे. माझ्या संग्रहात आहे ती. तू आता जिथे उभी आहेस तिथून मागे फिर, दुसरा डावा बोळ, उजव्या हाताचा तिसरा वाडा.'

दुसरा डावा बोळ, तिसरा वाडा. गाडी होती. वर अख्खी पाटी होती: दारात वाहन लावू नये, लावल्यास हवा सोडण्यात येईल, किल्ली विसरून ठेवल्यास जबाबदार नाही. किल्ली गाडीलाच होती. दोन्ही चाकांत हवा नव्हती.

मी लेकीला फोनवर तसं सांगितलं.

'मग?' ती म्हणाली. 'लिहिलंय की.'